सोयाबीनचा संकर फसतो कुठे? या चुका टाळा

नवा वाण काढायला दोन वाणांचा संकर करतात, म्हणजे एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर घालतात. पण सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन उरकून घेतं. त्यामुळे उमललेलं फूल मादी म्हणून धरलं की संकर तिथेच गेला. उद्या उमलेल अशी, पाकळ्यांचं टोक जेमतेम डोकावणारी कळी घ्या. बारीक चिमट्याने पाचही निदलं (पाकळ्यांबाहेरची हिरवी पानं) काढा, मग पाकळ्या, शेवटी दहाही पुंकेसर (परागांचे नर तंतू). चिमटा कुक्षीला (पराग झेलणाऱ्या मधल्या टोकाला) लागला तर कळी गळते. नराचं ताजं फूल सकाळी तोडून त्याचे पुंकेसर कुक्षीवर हलके टेकवा.

त्याच पेरावरच्या बाकी कळ्या खुडा, नंतर येणाऱ्या नव्या कळ्याही. नाहीतर टॅग संकराचा आणि शेंग भलत्याच फुलाची. काढणीवेळी शेंगेचं बूड बघा: निदलं शाबूत असतील तर ती संकराची नाही.

नर-मादी एकाच दिवशी पेरले आणि फुलोराच जुळला नाही, हेही नेहमीचंच. लवकर येणारा वाण ८-१० दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पेरा.

जोडी निवडताना मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा असला तर चूक लगेच पकडता येते, कारण जांभळा रंग प्रभावी आहे, म्हणजे संकरात तोच दिसतो. खऱ्या संकराच्या रोपाची बीजदलांखालची (पहिल्या दोन जाड पानांखालची) दांडी आठवडाभरातच जांभळट दिसते. हिरवी राहिली तर रोप उपटा. उलट जोडी लावली तर सगळंच जांभळं, ओळखायचं कशावरून?

दुसऱ्या पिढीत, म्हणजे संकराच्या रोपाच्या बियांपासून आलेल्या झाडांत, शेंगांनी लगडलेलं झाड पाहून भुलू नका. शेजारची रोपं मेली तरी झाड तसंच फोफावतं. या पिढीत पक्वतेचा काळ आणि सर्वांत खालच्या शेंगेची उंची पाहा. फार खालच्या शेंगा हार्वेस्टर शेतातच सोडतो. उत्पादन पाचव्या-सहाव्या पिढीत, पुनरावृत्ती असलेल्या (तेच बियाणं अनेक वाफ्यांत लावलेल्या) चाचणीतच मोजा.

रोग न आलेल्या शेतात निवडलेल्या प्रत्येक झाडाची संतती प्रतिकारक वाटते. पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू रोग; त्याच्या परीक्षेसाठी दर चार-पाच ओळींनंतर जेएस-३३५ सारख्या बळी पडणाऱ्या वाणाची ओळ लावा आणि त्या प्लॉटमध्ये पांढऱ्या माशीवर फवारणी करू नका. तांबेरा या पानांवरच्या बुरशी रोगाला तोंड देणाऱ्या झाडांची निवड, तो जिथे येतो त्या कृष्णाकाठीच करावी. फुले अग्रणी आणि फुले संगम हे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजचे आहेत, ते काही उगाच नाही.

शेंगा तडकण्याची परीक्षा वेळेवर कापून होत नाही. पक्व झाल्यावर झाडं दहा दिवस शेतात उभी ठेवा आणि भर दुपारी तपासा. सकाळच्या दवात तडकणारे वाणही शहाण्यासारखे मिटून असतात.