राणीछाप रुपया ऑनलाइन घेताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की आमच्या रत्नागिरी-चिपळूणकडे लक्ष्मीपूजनाला ठेवायचे राणीछाप रुपये, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेले ब्रिटिशांच्या काळातले चांदीचे रुपये, शोधायची घाई सुरू होते. पूर्वी लोक ओळखीच्या सोनाराकडे जात. आता मोबाईलवर मागवतात आणि पार्सल फोडून मला फोटो पाठवतात, "खरं आहे ना?" हा प्रश्न पैसे भरायच्या आधी कोणालाच पडत नाही.

चुंबक चिकटला नाही, म्हणजे चांदी

ही सगळ्यांची लाडकी चूक. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त, बस. त्यालाही चुंबक चिकटत नाही, तांब्या-पितळेलाही नाही. लोखंडावर मुलामा देऊन विकणारा एखादा अडाणी सापडेल तेवढाच काय तो उपयोग. बर्फ ठेवून बघायची युक्तीही तसलीच, तांब्यावरही बर्फ भराभर वितळतो.

माझ्या आतेभावाने दोन्ही करून पाहिलं होतं. "दादा, सगळं तपासलंय, तू फक्त हो म्हण." पाच रुपये, पाचही वेगवेगळ्या सालांचे. विकणाऱ्याने सोबत गोष्ट दिली होती: 2021 च्या पुरात घर गेलं, आजीची पत्र्याची पेटी तेवढी वाचली. मी काटा काढला. खरा रुपया 11.66 ग्रॅमचा, हातोहाती झिजलेला असला तर थोडा कमी. यांतला एकही दहा ग्रॅम भरेना. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "जुनं नाणं झिजतंच ना साहेब." दोन ग्रॅम झिजलं असतं तर राणीचा चेहरा सपाट झाला असता. इथे मुकुटाची नक्षी न् नक्षी मोजून घ्या!

मग भिंग लावलं. राणीच्या गालावर, नाकपुडीच्या जरा खाली, एक तिरकी बारीक खोच. दुसऱ्यावर तीच. पाचही नाण्यांवर तीच, तिथेच, तेवढीच. वेगवेगळ्या साली पाडलेले रुपये एवढी वर्षं वेगवेगळ्या कनवटीला फिरले आणि पाचही एकाच जागी ठेचकाळले? एका खऱ्या नाण्यावरून साचा घेतला की त्या नाण्याची जखमही साच्यात उतरते. मागची बाजू बदलून सालं तेवढी वेगळी टाकली होती. आतेभावाचं यावर उत्तर, "पण रिव्ह्यू चांगले होते रे."

वजन न विचारता पैसे भरणं

मी विक्रेत्याला पहिल्याच मेसेजमध्ये दोन फोटो मागतो: नाणं काट्यावर ठेवलेला आणि कडेचा. कडेवरचे दाते सारखे आणि स्पष्ट हवेत. मधूनच सांध्याची रेघ दिसली तर ते ओतीव. फोटोऐवजी आजीची गोष्ट आली की मी बोलणं तिथेच थांबवतो.

नाणं हातात आल्यावर 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला न टेकवता. खऱ्या रुपयाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो. 11.66 ग्रॅमचं जर्मन सिल्व्हर असेल तर 1.3 च्या पुढे जातो. झिजलेलं असेल तर कोरड्या वजनाला काट्याने पाण्यात दाखवलेल्या आकड्याने भागा, उत्तर (म्हणजे नाण्याची घनता) 10.3 च्या जवळ यायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पाच मिनिटं कोणाकडे असतात? चांदीतच पाडलेली नक्कल मात्र यात पकडली जात नाही, म्हणून 1939 सारखी (हा राणीचा नव्हे, सहाव्या जॉर्जचा रुपया) दुर्मीळ सालं नवख्याने ऑनलाइन घेऊच नयेत.

साल न वाचणं

"एम्प्रेस" (सम्राज्ञी) ही अक्षरं राणीच्या नाण्यावर 1877 पासून आली. त्याआधीच्या सालावर ती दिसली तर पुढे बघायचीही गरज नाही. 1902 सालचा रुपया, आठव्या एडवर्डचा रुपया, दोन्ही काल्पनिक.

सगळे जुने रुपये एकाच चांदीचे समजणं

1939 पर्यंत चांदी 91.7 टक्के, 1940 पासून 50 टक्के. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा. चुंबक खरा कामाला येतो तो इथे, कारण त्याला तो चिकटतो.

आमसुलाने घासणं

घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीच नको. काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, आणि ओरखडे पडल्यावर तपासणाऱ्यालाही पंचाईत.

"तुमचं नाणं लाखात विकून देतो"

आधी कमिशन किंवा कर भरा म्हणणारा चोर. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगत असेल तर नक्कीच. बँक असले व्यवहार करत नाही, हे तिने 2021 मध्ये जाहीर सांगितलंय.

लारी

चौल-दाभोळच्या व्यापारातली, चांदीची तार दुमडून त्यावर ठसा मारलेली आदिलशाही लारी, हेही जुनं नाणंच, हल्ली बरेच जण मागतात, आपल्या किनाऱ्याची म्हणून. तिच्यावर ठशाचा तुकडाच उतरलेला असतो, साल क्वचित वाचता येतं, आणि तार दुमडायला टाकसाळ लागत नाही. फोटो पाठवून मला मत विचारू नका. लारी मी समोर बसून, भिंगाखाली बघूनच घेतो.