डच क्रियापदांची रांग कशी लावावी: मराठी शेपटी उलटी वाचा

‘डच सोपं आहे, मराठीसारखंच क्रियापद शेवटी टाकायचं’ हा सल्ला नेदरलँड्समध्ये नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कुणीतरी देतंच. मलाही मिळाला होता. ‘कारण’, ‘की’ने सुरू होणाऱ्या वाक्यात एकच क्रियापद असेपर्यंत तो चालतो. दोन झाली की लंगडतो आणि तीन झाली की तोंडावर पाडतो.

शब्द मी उच्चारावरून लिहितोय. शेवटचा ‘न’ डच लोक बोलताना बऱ्याचदा खातात, मी लिहिण्यापुरता ठेवलाय. आणि ‘पाहिजे’ या अर्थाच्या क्रियापदाचा उच्चार ‘मूत’ असा होतो. एकदाच मनसोक्त हसून घ्या, कारण पुढे तो बराच येणार आहे.

पहिली पायरी, मुख्य वाक्य. चालवलेलं (कर्ता-काळानुसार रूप बदललेलं) क्रियापद दुसऱ्या जागी, बाकी सगळी शेवटी: इक हेप हेत बूक खलेझन, म्हणजे मी ते पुस्तक वाचलंय. झालं.

दुसरी पायरी, ‘ओमदात’ (कारण) किंवा ‘दात’ (की) आलं की सगळीच क्रियापदं शेवटी जातात. मराठी माणसाला हे फुकटात मिळतं, इंग्रजीवर वाढलेल्याला घाम फुटतो.

तिसरी पायरी म्हणजे शेवटी गोळा झालेल्या क्रियापदांची आपापसातली रांग. माझं वर्षभर इथेच वाया गेलं, म्हणून इथे थांबू.

‘कारण मी ते पुस्तक वाचलं आहे’ हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं: ओमदात इक हेत बूक हेप खलेझन किंवा ओमदात इक हेत बूक खलेझन हेप. पहिलीला लाल क्रम म्हणतात, दुसरीला हिरवा. हे रंग भाषा-अभ्यासक अनिता पाउवेल्स यांच्या १९५३ च्या प्रबंधातल्या बोलींच्या नकाशांवरून आले. दोन्ही क्रम प्रमाण भाषेत बरोबर आहेत. लिखाणात लाल जास्त दिसतो, बोलण्यात हिरवा भरपूर ऐकू येतो. माझ्या एका शिक्षिकेने माझ्या निबंधातला प्रत्येक हिरवा क्रम लाल पेनाने खोडला आणि वर ‘जर्मन!’ असं लिहिलं. जर्मनमध्ये इथे हिरवाच चालतो हे खरं, पण म्हणून डचमध्ये तो चूक ठरत नाही. असं कुणी खोडलं तर मान हलवा आणि सोडून द्या.

हिरवा क्रम आपल्याला गोड वाटतो, कारण तो थेट मराठी आहे: खलेझन हेप, वाचलं आहे. आणि हाच सापळा आहे. दोन-तीनदा हिरवा बरोबर निघाला की आपण सगळीकडे मराठी क्रम लावत सुटतो. ‘वाचू शकतो’ म्हणून मी ‘लेझन कान’ म्हणायचो. व्याकरण त्याला सरसकट चूक म्हणत नाही, पण समोरच्याला तुम्ही जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे वाटता. सरळ ‘कान लेझन’ म्हणा. ‘वाचता आलं पाहिजे’ असं तीन क्रियापदांचं झालं की तर पर्यायच उरत नाही: मूत कुनन लेझन. ‘लेझन कुनन मूत’ हे डच नव्हेच.

माझा उपाय असा. मराठी वाक्याची शेपटी, म्हणजे शेवटची क्रियापदं, मनात म्हणा आणि उलटी वाचा.

वाचलं, असायला, हवं. उलट: मूत, हेबन, खलेझन. मराठीत कारकून पुढे चालतो आणि साहेब शेवटी येतो, डच लाल क्रमात साहेब पुढे. आरशातली प्रतिमा आहे ही, आणि खऱ्या क्रियापदांच्या बाबतीत तिने मला अजून तोंडघशी पाडलेलं नाही.

फक्त क्रियापदंच उलटवा हं! नामांना हात लावू नका. ‘की यानने पीतला मुलांना पोहायला मदत करताना पाहिलं’ हे डचमध्ये असं होतं: दात यान पीत द किंदरन झाख हेल्पन झ्वेमन. यान, पीत, मुलं हा क्रम मराठीचाच. पुढे पाहिलं, मदत, पोहणं हा उलटा. कुठलं नाम कुठल्या क्रियापदाचं याच्या रेघा ओढल्या तर त्या एकमेकींना छेदतात. १९८० च्या दशकात याच छेदणाऱ्या रेघांवरून भाषाशास्त्रज्ञांनी व्याकरणाच्या गणिती प्रारूपांवर कडाडून वाद घातले. आपण फक्त वाक्य बोलायचंय.

आरशात न दिसणारी एक गोष्ट आहे. ‘वाचता आलं नाही’ याचं डच करताना ‘आलं’साठी भूतकाळी रूप ‘खकुंत’ वापरावंसं वाटतं. वापरू नका. पाठीमागे दुसरं क्रियापद असलं की ते मूळ रूपातच राहतं: ओमदात इक हेत नीत हेप कुनन लेझन. इथे ‘खकुंत’ घातलेलं वाक्य मी एका बैठकीत आत्मविश्वासाने म्हटलं होतं. सगळे सभ्यपणे चहा प्यायला लागले.

आता हिरवाच लागतो अशी जागा. क्रियापदाचं रूप विशेषण झालं असेल तर ते पुढेच येतं. ‘मला रस आहे’ हे कायम ‘खइंतरेसेर्त बेन’, कधीही उलट नाही. ओळखायचं कसं? आधी ‘एर्ख’ (खूप) लावून बघा, बसलं तर विशेषण. ‘दुकान बंद आहे’ला ‘खूप’ बसत नाही, तरी ती स्थिती आहे, म्हणून तिथेही ‘खस्लोतन इस’च म्हणा.

तुटणारी क्रियापदं (ज्यांचा पहिला तुकडा सुटा होऊ शकतो), उदाहरणार्थ फोन करणं, ‘ओपबेलन’: ‘विल ओपबेलन’ किंवा ‘ओप विल बेलन’, दोन्ही चालतात. मी पहिलं वापरतो, कमी विचार करावा लागतो.

बेल्जियममध्ये, फ्लँडर्सच्या बाजूला गेलात तर ‘मूत खलेझन हेबन’ असा मधला क्रमही कानावर पडेल. तो त्यांचा आहे आणि बरोबर आहे. तिथल्या कुणाला माझी आरशाची युक्ती शिकवायला जाऊ नका. मी गेलो होतो.