सेटिंगचा वेळ कोण मोजतो?

भोसरी-चाकणकडे सीएनसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीचे नग काढून द्यायचं काम, सुरू करायच्या बेतातली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: मशीन कुठलं घेऊ? मशीन कुठलंही घ्या, हप्ता चुकत नाही. ते दिवसातले किती तास माल काढणार, हे आधी कागदावर मांडा.

समजा, २० नगांची ऑर्डर आहे आणि सायकल टाइम, म्हणजे एक नग कापायला लागणारा वेळ, ६ मिनिटं. दोन तासांचं काम, असं वाटतं. पण त्याआधी सॉफ्ट जॉ (नग धरणारे मऊ जबडे) लावून नगाच्या मापाला बोअर करायचे, टूल बदलायची, ऑफसेट (टूलच्या जागेची मापं) घ्यायचे, पहिला नग काढून मायक्रोमीटरने तपासायचा आणि तो पास होईपर्यंत मशीन उभं ठेवायचं. या सेटिंगमध्ये आणखी दोन तास सहज जातात. म्हणजे एका नगाला ६ नव्हे, १२ मिनिटं लागली. हाच लॉट ६० चा असता तर ८ मिनिटांत भागलं असतं. म्हणून कोटेशनमध्ये सेटिंगचे पैसे वेगळे लिहा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर लॉट वाढवून मागा. दोन्हीला नाही म्हणणारं काम सोडलेलं बरं, मशीन रिकामं दिसलं तरी.

एक जॉब चालू असतानाच पुढच्याचं ड्रॉइंग, टूल, गेज एका ट्रेमध्ये काढून ठेवायची सवय ऑपरेटरला लावा. गेज शोधण्यात गेलेला वेळ कुठल्याच बिलात बसत नाही. इन्सर्टचंही, म्हणजे टूलच्या टोकाला बसणाऱ्या कापायच्या तुकड्याचंही, तसंच. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला चार कॉर्नर (कापायचे कोपरे) असतात, पण रात्रपाळीत दोन वापरून उरलेला डबीत पडतो, आणि डबी रिकामी झाली की नवीन फुटते. वापरलेल्या कॉर्नरला मार्करने ठिपका द्या आणि जुना जमा केल्याशिवाय नवा देऊ नका. चिकटपणा म्हणतील, म्हणू द्या.

मालकाच्या वेळेबद्दल एवढंच सांगतो: टेम्पोबरोबर स्वतः जाणं बंद करा. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते. तो दिवस मेंटेनन्स बघत उभं राहण्यात घालवू नका, आठवड्याचं कॉस्टिंग आणि येणं घेऊन बसा.

कारण छोटा कारखाना बहुधा तोट्यापेक्षा तारखांनी बुडतो. महिन्याच्या ७ ला टीडीएस (कापून ठेवलेला आयकर), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा विमा), मासिक रिटर्न असेल तर २० ला जीएसटी. पगार आणि हप्ता वेगळाच. लाखाच्या बिलावर १८ टक्क्यांनी १८ हजार जीएसटी लागला, तर तो गिऱ्हाइकाचे पैसे येवोत न येवोत, भरावाच लागतो. पैसे मात्र ६० नाहीतर ९० दिवसांनी येतात. तेव्हा नवी ऑर्डर घेताना नफ्याआधी एवढं बघा की मटेरियलचे पैसे कधी जाणार, बिलाचे कधी येणार आणि मधले दिवस कशावर काढणार.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करून टाका, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मोठ्या गिऱ्हाइकाला व्याजाचं बिल कोणी पाठवत नाही, हे उघड आहे. पण २०२३-२४ पासून आयकराचं कलम ४३बी(एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःच उद्यमचा कागद मागतात. तो बिलासोबत आधीच जोडलेला असू द्या. गिऱ्हाईक २५० कोटींवर उलाढालीची कंपनी असेल तर तिला ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची आहे. तिथे बिल वटवून पैसे लवकर मिळू शकतात. व्याज जातं, पण पगार वेळेवर होतो.

मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून मालाच्या चलनावर गिऱ्हाइकाचा इनवर्डचा (माल मिळाल्याचा) शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर काढू नका, असं ड्रायव्हरला बजावून ठेवा.