नवतीवरची ‘पाखराची शीट’ हलते का बघा: लिंबू, संत्रा आणि कढीपत्त्यावरील पाने खाणारी अळी

मृगाचा पाऊस स्थिरावला की लिंबू, संत्रा, मोसंबी आणि कढीपत्त्याला कोवळी नवती फुटते. त्याच सुमारास काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेले लिंबाचे फुलपाखरू बागेत घिरट्या घालू लागते. फुलावर बसले तर ते मध घेते आहे. पण शेंड्याला क्षणभर टेकून, पोट वाकवून लगेच उडाले, तर तिथे अंडे टाकले गेले समजा. ते पान उलटून बघा. मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळे अंडे दिसेल. अंडी पुंजक्याने नसतात, एकेक सुटे असते. पावसाळ्यात तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते.

इथून पुढे नजर फसते. लहान अळी तपकिरी-काळी, मधोमध पांढरा पट्टा असलेली आणि किंचित ओलसर चकाकणारी असते. पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावरच पडून असते, तरी पाखराने शीट टाकली आहे असे वाटून माणूस पुढे जातो. पक्षीही तसेच फसतात. चार वेळा कात टाकेपर्यंत हे सोंग चालते. त्यानंतर ती एकदम हिरवी होते, अंगावर तिरपे तपकिरी पट्टे येतात आणि लांबी दीड इंचाच्या पुढे जाते. या हिरव्या अवस्थेतच ती सर्वांत जास्त खाते. म्हणूनच ‘काल झाड बरे होते, आज नुसत्या शिरा उरल्या’ अशी तक्रार येते. प्रत्यक्षात अळी आठ-दहा दिवस आधीपासून समोरच बसलेली असते.

शंका आली तर काडीने डोक्यामागे हलकेच टोचा. नारिंगी रंगाची दुभागलेली शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. हा दंश नव्हे. अळी गुळगुळीत असते, सुरवंटासारखे खाजरे केस तिला नसतात. हाताने उचलली तरी काही होत नाही.

पाहणी सकाळी करा, आठवड्यातून दोनदा. झाडाचा सगळा पसारा चाळत बसू नका, शेंड्याकडची आठ-दहा पाने पुरेत. कडेकडून मध्यशिरेकडे कुरतडलेले पान आणि खालच्या पानावर पडलेले हिरवट-काळे दाणे, म्हणजे विष्ठा, दिसले की त्याच्या बरोबर वर अळी शोधा. पानावर चंदेरी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी. तिचा इलाज वेगळा आहे. या दोघींत गल्लत करून फवारलेले औषध वाया जाते.

आता मारायची की राहू द्यायची? हे झाडाच्या वयावर ठरवा. पाच-सात वर्षांच्या पसरलेल्या झाडावर पाच-दहा अळ्या असल्या तरी उत्पादनाला धक्का लागत नाही. तिथे फवारणीचा पंप बाहेर काढूच नये. रोपवाटिकेतील जंबेरी किंवा रंगपूर लिंबाची खुंटरोपे (ज्यांवर कलम बांधतात ती रोपे), नवी कलमे आणि कुंडीतली झाडे यांचे गणित मात्र वेगळे. पंधरा-वीस पानांचे रोप दोन हिरव्या अळ्या चार दिवसांत उघडे करतात आणि डोळा भरण्याची, म्हणजे कलमासाठी डोळा बसवण्याची, वेळ पुढे जाते. तिथे हाताने वेचणी हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. अंडे असलेले पान खुडा, अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. मारायच्या नसतील तर पानासकट मोठ्या झाडावर सोडा. मात्र लिंबावरची लिंबावरच, कढीपत्त्यावरची कढीपत्त्यावरच. सवयीचा पाला बदलला की मोठी अळी बरेचदा तोंड लावत नाही.

रोपे हजारांनी असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५ किलो निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, थोडा साबणचुरा मिसळा आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. कुंड्यांसाठी लिटरला ५० ग्रॅम. त्याच दिवशी संपवा, शिळा अर्क निकामी होतो. गाळण नीट झाले नाही तर नोझल तुंबते, आणि भर उन्हात फवारणी झाली तर कोवळा पाला करपतो. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसची पावडर, लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारा. ते पोटात गेल्याशिवाय काम करत नाही आणि मोठ्या अळीवर फारसे चालत नाही. उन्हाने त्याचा जोर जातो, पावसाने ते धुऊन जाते. शेजारी रेशीम किड्यांसाठी तुतीची लागवड असेल तर बीटी हातात घेऊच नका.

कढीपत्त्यावर रासायनिक औषध मारू नये. तो पाला दुसऱ्या दिवशी फोडणीत जातो.

अळी फुलपाखरू होताना बघायची असेल तर लहान अळी असलेली डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा. बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी घसरून बुडते. वरून जाळीचे फडके टाका, रोज विष्ठा काढा, औषध न मारलेला ताजा पाला द्या आणि एक खडबडीत काडी तिरपी ठेवा. त्या काडीला शेपटाकडून चिकटून, कमरेभोवती रेशमाचा धागा घेऊन अळी कोष करते. आठ-दहा दिवसांत कोषातून पंखांची नक्षी दिसू लागली की फुलपाखरू येण्यात आहे. कोष नुसताच काळा पडून त्याला बारीक छिद्र पडले, तर आत परजीवी गांधीलमाशीची पिल्ले वाढली होती. त्या माश्या चिरडू नका, बागेत सोडा. पुढच्या नवतीवरच्या अळ्या त्याच कमी करणार आहेत.

हिरव्या अळीवर पांढरट-निळसर छटा आणि आकाराने ती जास्त थोराड वाटली, तर थांबा. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. तिला मोठ्या झाडावर हलवा.