दहावीचा निरोप समारंभ: तालुक्याच्या शाळेत तो नीट कसा करावा

निरोप समारंभ नववीने करायचा आणि दहावीने बसून बघायचा, ही बहुतेक शाळांची रीत चांगली आहे. बिघडतं ते पुढे. दोन तासांतला दीड तास पाहुण्यांच्या भाषणांत जातो, पाच-सहा हुशार मुलं मनोगत म्हणतात, आणि पाचवीपासून त्याच शाळेत असलेल्या निम्म्या वर्गाचं नावसुद्धा माइकवरून घेतलं जात नाही. म्हणून सगळी आखणी एका नियमाभोवती करावी: हजेरीपटावरच्या प्रत्येक मुलाचा आवाज, चेहरा आणि आठवण त्या दिवशी कुठेतरी यायलाच हवी. पुढचे सगळे आकडे 64 मुलांची दहावी, 14 शिक्षक-कर्मचारी आणि साधारण 60 मुलांची नववी, म्हणजे 140 ताटं, असं धरून दिले आहेत.

तारीख आणि वेळ

2024 साली दहावीची लेखी परीक्षा 1 मार्चला सुरू झाली होती, 2025 साली 21 फेब्रुवारीलाच. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा त्याच्याही आधी असतात. त्यामुळे ‘फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बघू’ हा जुना हिशेब आता चालत नाही. सराव परीक्षा संपल्यानंतर आणि तोंडी परीक्षा सुरू होण्याआधी, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस धरावा. 26 जानेवारीच्या लगेच दुसऱ्या दिवशी मात्र नको. कवायत आणि झेंडावंदनाच्या तयारीत नववीची मुलं आधीच दमलेली असतात.

वेळ ठरवताना आधी एसटीचं वेळापत्रक बघा. तालुक्याच्या शाळेत बरीच मुलं आसपासच्या गावांतून येतात. मुली पासावर किंवा मुलींसाठीच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसने येतात आणि ती बस कोणासाठी थांबत नाही. कार्यक्रम लांबला की सगळ्यात आधी याच मुली उठून जातात, तेही बहुधा जेवणाआधी. सगळ्यांना पेलणारा क्रम असा: साडेनऊला गटछायाचित्र, अकराला कार्यक्रम, एक वाजता जेवण, अडीचला मुलं मोकळी.

हॉल तिकीट त्याच दिवशी वाटण्याचा मोह होतो, कारण हजेरी पूर्ण असते. वाटायचंच असेल तर जेवणानंतर, वर्गात, सही घेऊन वाटा. व्यासपीठावर दिलेलं हॉल तिकीट गडबडीत गुलाबाच्या फुलाबरोबर हरवतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात रडारड होते.

वर्गणी

खर्च तीन वाट्यांत बसतो: जेवण, छायाचित्र आणि ध्वनिक्षेपक. निम्म्याहून जास्त पैसे जेवणाला जातात. सजावटीला काहीच लागत नाही. वर्गाच्या फळ्यावर रंगीत खडूने चांगलं फलकलेखन आणि दारात रांगोळी असली की फ्लेक्सची गरज राहत नाही. फ्लेक्स आला की त्यावर कोणाकोणाचे फोटो हा वाद आलाच.

वर्गणी नववीच्या वर्गशिक्षकांनी बंद पाकिटात घ्यावी. कोणी किती दिले याची यादी वर्गात वाचू नये, फळ्यावर तर नकोच. वर्गणी न दिलेल्या मुलाला त्या दिवशी ‘आजारी’ पडायची वेळ येते आणि त्याचं कारण ही यादीच असते. ज्यांना जमत नाही त्यांचा भार शिक्षकांनी आपसांत उचलावा आणि त्याची कुठे वाच्यता करू नये.

कार्यक्रमाचा क्रम

दीपप्रज्वलन, ईशस्तवन आणि स्वागत मिळून पंधरा मिनिटं. प्रास्ताविक तीन मिनिटं, तेही नववीच्या विद्यार्थ्याने करावं. त्यानंतर लगेच शिपाई मामा, कार्यालयातले लिपिक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांचा सत्कार करा. शेवटी ठेवला की तो दरवर्षी ‘वेळेअभावी’ उरकला जातो. ताईंचा मान इथे मोठा आहे. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, तरी पाचवीपासून चार वर्षं याच मुलांनी त्यांच्या हातची खिचडी खाल्लेली असते. शाल-श्रीफळापेक्षा दहावीच्या मुलांनी लिहिलेलं एका पानाचं पत्र वाचून दाखवून हातात द्यावं.

मोठी मनोगतं सहाच ठेवा, प्रत्येकी तीन मिनिटं. निवड गुणांवर नको. एक खेळाडू, एक रोज लांबून येणारी मुलगी, एक मागच्या बाकावरचा, असे वेगवेगळे आवाज घ्या. त्यानंतर एका वाक्याची फेरी. हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येक जण जागेवर उभा राहून नाव आणि एकच वाक्य बोलतो. एकाला वीस सेकंद धरले तर 64 मुलांना बावीस मिनिटं पुरतात. दोन माइक असतील तर एक बोलणाऱ्याच्या हातात आणि दुसरा पुढच्याकडे आधीच पोचलेला असावा. एकाच माइकवर केलं तर फेरी चाळीस मिनिटांवर जाते.

वाक्य आदल्या आठवड्यात लिहून घ्या आणि प्रश्न नेमका विचारा. ‘शाळेविषयी काय वाटतं?’ असं विचारलं की साठ जण ‘शाळा ही माझी दुसरी आई’ असंच लिहितात. त्याऐवजी असे प्रश्न द्या: प्रयोगशाळेतली कोणती गोष्ट तुझ्या हातून फुटली? पावसात एसटी चुकली तेव्हा कोणाबरोबर चालत गेलास? कोणत्या सरांचं कोणतं वाक्य अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो? डब्यातली कोणती भाजी कोणाच्या घरची? अशा प्रश्नाला उत्तर देताना अबोल मूलही अडत नाही.

बोलताना कोणी रडलं तर सूत्रसंचालकाने लगेच गोड वाक्यं भरायची नाहीत. माइक पुढे जाऊ द्यावा आणि फेरी संपल्यावर त्या मुलाला पुन्हा विचारावं. ही सूचना सूत्रसंचालकाच्या कागदावर लिहूनच ठेवा.

शिक्षकांपैकी वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक एवढ्यांनीच बोलावं, प्रत्येकी पाच मिनिटं. बाकीच्या शिक्षकांनी एक ओळ लिहून द्यावी, ती पुढे स्मरणिकेत घेता येते. बाहेरचा पाहुणा नसला तरी काही अडत नाही. बोलवायचाच तर शाळेचाच माजी विद्यार्थी बोलवा आणि त्याला समोर घड्याळ दिसेल असं बसवा. ‘आई-वडिलांना व्यासपीठावर बोलवून पाद्यपूजन’ असा कार्यक्रम ठेवण्याआधी दहादा विचार करा. ऊसतोडीच्या भागात त्या काळात कित्येकांचे आई-वडील कारखान्यावर असतात. ज्याचे आले नाहीत त्याला ती दहा मिनिटं फार जड जातात.

शेलापागोटे

शेलापागोटं म्हणजे एकेकाच्या नावाने लिहून सगळ्यांसमोर वाचलेली गमतीची चिठ्ठी. समारंभाचं खरं मीठ यातच आहे, आणि सगळ्यात जास्त दुखावलंही यातच जातं. एक कसोटी लावली की बहुतेक प्रश्न सुटतो: शेलापागोटं मुलाने केलेल्या गोष्टीवर असावं, मूल कसं आहे यावर नाही. रोज तिसऱ्या तासाला पाणी प्यायला जाणाऱ्यावर चालेल. रंग, उंची, वजन, तोतरेपणा, आडनाव, जात, घरचा धंदा, आणि मुलगा-मुलगी अशी जोडी लावणं, यांपैकी काहीही चालणार नाही. जोडीचं शेलापागोटं तर मुलीच्या घरापर्यंत संध्याकाळच्या आत पोचतं, आणि त्यावरून मुलीची अकरावी अडू शकते.

चिठ्ठ्या टाकायची पेटी आठवडाभर आधी ठेवा. दोन शिक्षक (त्यात एक बाई हव्यातच) आणि दहावीचेच दोन विद्यार्थी मिळून सगळ्या चिठ्ठ्या वाचतील. शंका आली की चिठ्ठी बाहेर. ऐनवेळी आलेली चिठ्ठी कितीही भारी असली तरी वाचायची नाही. ज्यांच्या नावाने एकही चिठ्ठी आली नाही त्यांच्यासाठी समितीने स्वतः लिहावी. शिक्षकांवरही चार-पाच असू द्या, मात्र त्यांची परवानगी आधी घ्या.

आवाज आणि वीज

माइकची शिट्टी वाजते ती स्पीकर माइकच्या मागे किंवा अगदी शेजारी ठेवल्यामुळे. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. दोन्ही स्पीकर माइकच्या पुढे, मुलांच्या बाजूला तोंड करून ठेवा. तरीही शिट्टी आली तर आवाज वाढवू नका, माइक तोंडाजवळ धरायला सांगा. बिनतारी माइकचे जास्तीचे सेल खिशात असू द्या.

वीज कधी जाते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आदल्या दिवशी वायरमनला विचारून घ्या. भरदिवसा प्रोजेक्टरवर जुने फोटो पुसट दिसतात आणि खिडक्यांना सतरंज्या लावल्या की 140 जणांचा जीव गुदमरतो. त्यापेक्षा फोटो छापून व्हरांड्यात सुतळीवर चिमट्यांनी टांगा. वीज गेली तरी ते दिसतात, आणि मुलं जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या बघत राहतात. पाचवीपासूनचे फोटो निवडताना शेजारी हजेरीपट ठेवा आणि नावापुढे टिंब देत चला. प्रत्येकाची किमान दोन टिंबं झाल्याशिवाय निवड पूर्ण झाली असं समजू नये. संमेलनात नाचलेल्यांचे पन्नास फोटो सापडतात, बाकीच्यांचे शोधावे लागतात. सहलीचे आणि कवायतीचे फोटो त्यासाठी उपयोगी पडतात.

गटछायाचित्र

साडेनऊला इमारतीच्या पश्चिमेकडे अखंड सावली असते, तिथे काढा. पूर्वेकडे तोंड करून उभं केलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात, आणि बाराच्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात. एका रांगेत सोळाच्या वर माणसं नकोत, नाहीतर चेहरे बारीक होतात. रचना अशी: पुढे सतरंजीवर 16 मुलं, खुर्च्यांवर 14 शिक्षक-कर्मचारी, त्यांच्या मागे जमिनीवर 16, बाकांवर 16 आणि व्हरांड्याच्या ओट्यावर 16. डुगडुगणारा बाक आधीच बाजूला काढा. किमान दहा फोटो घ्या, कारण 78 जणांत कोणीतरी डोळे मिटतोच.

मुलं पांगायच्या आत डावीकडून उजवीकडे रांगेनुसार नावं कागदावर उतरवून घ्या. दहा वर्षांनी फोटोची किंमत त्या यादीमुळेच राहते. आणि फोटो स्टुडिओकडून पेनड्राइव्हमध्ये घ्या. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि मोठ्या आकारात छापला की चेहरे फुटतात.

शर्टावर सह्या नकोत, कापडावर घ्या

शेवटच्या दिवशी गणवेशावर मार्करने सह्या घेतल्या जातात. तोच शर्ट पुढच्या वर्षी धाकट्या भावाला लागणार असतो, म्हणून आधीच पर्याय तयार ठेवा. दोन मीटर पांढरं सुती कापड आणून गरम पाण्यात धुवा, म्हणजे खळ निघून जाईल. खळ असलेल्या कापडावर शाई वरच्यावर राहते आणि नंतर पुसट होते. वाळल्यावर कडक इस्त्री करा, बाकावर ताणून चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा आणि खाली वर्तमानपत्राचे चार थर घाला, नाहीतर शाई बाकात उतरते. मार्कर बारीक टोकाचा आणि न पुसणारा हवा. जाड टोकाचा फुटतो, अक्षरं भरून जातात. पेन्सिलीने फिक्या चौकटी आखल्या तर पहिले दहा जणच अर्धं कापड व्यापत नाहीत. हे कापड दहावीच्या वर्गात चौकटीत लावता येतं.

जेवण

पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा हा बेत गर्दीला सोसतो. 140 ताटांना कणीक 14 किलो, बटाटे 18 किलो, रवा 6 किलो, साखर 5 किलो, तूप अडीच ते तीन किलो, तेल 7 लिटर, आणि पाण्याचे 20 लिटरचे सहा जार. किलोभर कणकेच्या साठेक पुऱ्या होतात, म्हणजे माणशी सहा. कणीक घट्ट मळा आणि किलोमागे मूठभर रवा घाला. मऊ कणकेच्या पुऱ्या तेल पितात आणि लगेच बसतात. दोन मोठ्या कढयांवर सगळ्या पुऱ्या तळायला पाऊण तास ते तास लागतो, म्हणून बाराला कढई चढवावी. सकाळीच तळून ठेवलेल्या पुऱ्या दुपारी चिवट होतात. भाजी सकाळी लवकर करून गरम असतानाच घट्ट झाकण ठेवलं तर दुपारपर्यंत आंबू शकते. दहानंतर करा आणि वाफ जाऊ द्या. दहावीला पंगतीत बसवून नववीने वाढावं. रांगेत ताट धरून उभं राहण्यापेक्षा मुलं त्यात जास्त वेळ एकत्र बसतात.

स्मरणिका निकालानंतर द्या

स्मरणिका जानेवारीतच छापायची घाई करू नका. निरोपाचे फोटो, एका वाक्याच्या फेरीतली वाक्यं आणि शेलापागोटे तिच्यात यायला हवेत. मध्ये पिना मारायच्या तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. प्रत्येक मुलाला अर्धं पान धरलं तर 64 मुलांची 32 पानं, आणि बाकी मजकुराला 12, मिळून 44 होतात. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केला असेल आणि डीटीपीवाले (छपाईची पानं लावून देणारे) श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करत असतील, तर बदल करताना रफार, रकार आणि जोडाक्षरं तुटतात. छापण्याआधी कागदावर प्रूफ मागा आणि प्रत्येक मुलाकडून स्वतःचं नाव तपासून घ्या. हस्तलिखित करून झेरॉक्स काढायची असेल तर काळ्या शाईनेच लिहा आणि बांधणीसाठी डावीकडे अडीच सेंटीमीटर समास सोडा. मुलांचे फोन नंबर आणि पत्ते त्यात छापू नका.

मुलं शाळेत पुन्हा येतात ती गुणपत्रिका आणि दाखला न्यायला. स्मरणिका तेव्हा हातात द्यावी. त्या दिवशी नापास झालेलं मूल गर्दी ओसरल्यावर येतं किंवा काकाला पाठवतं. म्हणून प्रत्येक प्रतीवर नाव आधीच लिहून ठेवा आणि वाटप हजेरीपटाच्या क्रमाने करा, टक्केवारीच्या नाही. उरलेल्या प्रती लिपिकांच्या कपाटात दाखल्यांच्या फायलीशेजारी ठेवा, म्हणजे उशिरा येणाऱ्याला मागावी लागणार नाही.