चावीचं घड्याळ की महागडं स्मार्टवॉच? पैसे मोजण्याआधी हे बघा

अचूक वेळ हवी असेल तर स्मार्टवॉचच. ते फोनवरून वेळ जुळवून घेतं. चावीचं साधं घड्याळ दिवसाला दहा-वीस सेकंद पुढेमागे जाणारच. सीओएससी या स्विस संस्थेच्या अचूकतेच्या प्रमाणपत्रातसुद्धा दिवसाला सरासरी -४ ते +६ सेकंद चालवून घेतात.

चावीचं घड्याळ घेताना कानाला लावा. एचएमटी जनतासारखं तासाला १८,००० ठोक्यांचं यंत्र सेकंदाला पाच टिकटिक करतं; लय लंगडी वाटली तर सोडून द्या. चावी हाताला अडेपर्यंत द्या, पुढे जोर लावू नका. (ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात, ती अडत नाही, स्प्रिंग भरल्यावर नुसती सरकते.) फोनशी वेळ जुळवा आणि २४ तासांनी फरक लिहून ठेवा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलायची नाही. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दाता मोडतो. साधारण पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, कारण आतलं तेल सुकतं.

स्मार्टवॉचचं दुखणं वेगळं. ॲपलने २०१५ मध्ये दहा हजार डॉलरच्या पुढे सोन्याचं घड्याळ विकलं. २०१८ चं वॉचओएस ५ हे ॲपलच्या घड्याळांचं नवं सॉफ्टवेअर त्यावर चढलंच नाही. टॅग ह्यूअर या स्विस कंपनीने तर २०१५ च्या ‘कनेक्टेड’ स्मार्टवॉचसोबतच सांगून टाकलं, की दोन वर्षांनी आणखी १,५०० डॉलर द्या आणि त्याच्या बदल्यात यांत्रिक घड्याळ घेऊन जा. यातून काय समजायचं ते समजा! म्हणून दुकानात दोन गोष्टी विचारा: बॅटरी बदलून मिळते का आणि केवढ्याला, अपडेट किती वर्षं येणार. आपल्या फोनशी जुळतं का तेही बघा; ॲपल वॉचला आयफोन लागतोच. ईसीजी किंवा पडल्यावर मदत बोलावणं हवं असेल तर स्मार्टवॉच जरूर घ्या, पण साधं मॉडेल. हर्मेससारख्या महागड्या ब्रँडच्या पट्ट्याने सेन्सर सुधारत नाही. मोठी रक्कम चावीच्या घड्याळात घाला.

दोन्ही घेतलीत तर रात्री शेजारी ठेवू नका. स्मार्टवॉचच्या गोल चार्जरमध्ये चुंबक असतं. चावीच्या घड्याळाची लय सांभाळणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगला ते लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. डीमॅग्नेटायझर या चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर हे मिनिटभरात उतरतं. तेवढ्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचं बिल भरू नका.