रहस्यकथा आणि भयपटांवर लिहिताय? या चुका टाळा

रहस्यकथेवर किंवा भयपटावर लिहिणाऱ्याची अडचण वेगळीच असते. कलाकृतीचा खरा कस लागतो तो उकल, शेवट आणि भीतीचं मूळ यांत, आणि नेमकं तेच वाचकाला सांगायचं नसतं. या पेचात सापडलेले बरेच जण एक तर कथानक सांगत सुटतात, नाहीतर 'जबरदस्त', 'अंगावर काटा आणणारं' असं लिहून मोकळे होतात. दोन्ही वेळा वाचकाच्या हाती काही लागत नाही.

मराठीत या कथांना वाचकांची वाण कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंझार आणि काळा पहाड हे नायक वाचनालयांमधून घरोघर पोचले. भयकथा आणि गूढकथा लिहिणारे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आजही नव्याने वाचले जातात. वाण आहे ती या कथांकडे गांभीर्याने पाहणाऱ्या परीक्षणाची. ते लिहू पाहणाऱ्यांच्या मसुद्यांत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांबद्दल हे लिहितो आहे.

शेवट न सांगताही रसभंग होतो

'शेवट सांगणार नाही, पण शेवटी असा काही धक्का बसतो की…' हे वाक्य लिहिणाऱ्याला वाटतं, आपण गुपित राखलं. वाचक मात्र त्या क्षणापासून धक्क्याची वाट पाहू लागतो. पहिल्याच प्रकरणात तो प्रत्येक साध्या माणसाकडे संशयाने बघतो, आणि लेखकाने मोठ्या कष्टाने उभी केलेली बेसावध अवस्था हातची जाते. धक्का आहे हे सांगणं हाही रसभंगच.

रसभंगाच्या आणखी वाटा आहेत, आणि त्या सहज लक्षात येत नाहीत. खुनाच्या गोष्टीत एखाद्या किरकोळ पात्राच्या अभिनयाचं दोन परिच्छेद कौतुक केलं की चाणाक्ष वाचक ओळखतो, हा माणूस किरकोळ नाही. 'सुरुवातीचा देवघराचा प्रसंग नीट पाहा' असं सुचवलं तरी तेच होतं. ज्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे अशा चित्रपटाशी तुलना केली, तर नव्या चित्रपटाचाही शेवट फुटतो. कधी विषयच गुपित असतो. 'लपाछपी' हा २०१७ चा मराठी भयपट घ्या. त्यातली भीती कोणत्या सामाजिक दुखण्यातून येते हे प्रेक्षकाला हळूहळू उमगायचं असतं. 'अमुक प्रश्नावरचा भयपट' असं पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याने हेतू चांगला असूनही दिग्दर्शकाची अर्धी मेहनत वाया घालवली.

हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको' आणला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम चित्रपटगृहांना घातला होता. समीक्षकांनाही तो आधी दाखवला नाही. प्रेक्षकाला काय, कधी आणि कोणत्या क्रमाने कळतं, यावरच असा चित्रपट उभा असतो हे तो जाणून होता.

यावर उपाय सोपे आहेत. पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा ट्रेलरमध्ये जेवढं उघड केलेलं असेल तेवढंच कथानक सांगा, आणि ट्रेलरनेच जास्त सांगितलं असेल तर त्याहूनही कमी. मसुदा कलाकृती न पाहिलेल्या मित्राला वाचायला द्या आणि विचारा, 'तुला कुणाचा संशय येतो?' त्याने एखादं नाव घेतलं तर कोणत्या वाक्यावरून घेतलं ते शोधून काढा. शेवटाची चर्चा केल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर तसं स्पष्ट सांगून ती चर्चा वेगळ्या भागात ठेवा. पुस्तक चाळीस वर्षं जुनं आहे म्हणून ही काळजी सोडू नका. या मे महिन्याच्या सुट्टीत एखादी सोळा वर्षांची मुलगी मतकरींची गोष्ट पहिल्यांदाच वाचत असेल. तिच्यासाठी ती आजचीच आहे.

सगळ्यांना एकच फूटपट्टी

'खुनी कोण ते आधीच कळलं, मग रहस्य कुठे राहिलं?' ही तक्रार काही कथांच्या बाबतीत रास्त असते, काहींच्या बाबतीत मुळातच चुकीची. निशिकांत कामत यांचा 'दृश्यम' (२०१५) गोव्यात घडतो. गुन्हा कसा झाला आणि कुणाच्या हातून झाला, हे प्रेक्षकाला बरंच आधी माहीत असतं. उत्कंठा असते ती हे कुटुंब पोलिसांच्या तपासातून निसटेल का, याची. त्याला 'खुनी ओळखा' छापाच्या कथेचे निकष लावले तर परीक्षण पहिल्या पावलालाच घसरतं.

रहस्यकथा वाचकाला कोडं घालते आणि ते सुटण्याचं वचन देते. त्यामुळे तिच्यात सुटा राहिलेला धागा हा दोष ठरतो. गूढकथा असं वचन देत नाही. जे घडलं ते अमानवी होतं की माणसाच्या मनाचा खेळ, हे अधांतरी ठेवण्यात तिचं बळ असतं. 'भुताचं स्पष्टीकरणच दिलेलं नाही' असं म्हणून गूढकथेचे गुण कापणं अन्यायाचं आहे. भयकथेत भूत खरंच असतं आणि ते मान्य करूनच पुढे जायचं असतं. तिथे पाहायचं ते त्या भुताला काही नियम आहेत का, आणि लेखकाने ते स्वतःच मोडले का.

रहस्यकथेच्या बाबतीत एक काम टाळता येत नाही, ते म्हणजे दुसरं वाचन. गुन्हेगार कळल्यावर पुन्हा पहिल्या पानावर जा. धागेदोरे वाचकासमोर खरोखर ठेवले होते का? की तपास करणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट शेवटच्या प्रकरणात अचानक खिशातून बाहेर आली? पहिल्या वाचनात तुम्ही निव्वळ वाचक असता. परीक्षणाचं निम्मं काम या दुसऱ्या वाचनात होतं, आणि वेळ नाही म्हणून बहुतेक जण नेमकं तेच गाळतात.

'मला भीती वाटली नाही'

हे मत आहे, परीक्षण नव्हे. भीतीच्या नावाखाली आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: दचकणं, किळस, धास्ती आणि नंतर बराच काळ टिकणारी अस्वस्थता. दार धाडकन आपटलं की कुणीही दचकतो, त्यासाठी फार प्रतिभा लागत नाही. धास्ती निर्माण करायला मात्र संयम लागतो. चित्रपट यांतलं काय करू पाहतो आणि ते त्याला जमलं का, हे लिहा.

'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा पुष्कळांनी तो 'पुरेसा भीतीदायक' आहे का हेच मोजलं. तो मुळात हावरेपणाची गोष्ट होता. सतत कोसळणारा पाऊस, कुजत चाललेला वाडा, कंदिलाच्या उजेडापलीकडचा काळोख यांतून त्याची धास्ती साकारते. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. प्रेक्षकांना त्यात काय सापडलं हे समजून घ्यायचं तर दचकण्याचे प्रसंग मोजून चालणार नाही.

ध्वनीचा मुद्दा इथेच. भयपटात निम्मं काम कान करतो. तो लोकलच्या गर्दीत फोनवर पाहिला असेल तर त्यावर लिहू नका. निदान चांगले हेडफोन लावून, एका बैठकीत पुन्हा पाहा. कुठे पार्श्वसंगीत थांबतं, कुठला घरगुती आवाज परत परत येतो, शांतता किती वेळ ताणली आहे, याची टिपणं काढा.

पुस्तकाच्या बाबतीत हेच काम वाक्यं करतात. निवेदक काय सांगायचं टाळतो? वाक्य कुठे तुटतं? 'लेखकाने वातावरणनिर्मिती छान केली आहे' या ओळीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: 'विहिरीचा उल्लेख पहिल्या तीन प्रकरणांत सहज, पाणी भरण्याच्या निमित्ताने येतो. चौथ्या प्रकरणापासून घरातलं कुणीच तिचं नाव घेत नाही, आणि हे आपल्या लक्षात येतं तेव्हा पान उलटायला हात धजत नाही.' यात गुपित फुटलेलं नाही, तरी लेखकाचं कसब दिसतं.

आपल्या भुतांची नीट ओळख नसणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. मुंजा, समंध, खवीस, हडळ, देवचार, ब्रह्मराक्षस या सगळ्यांना 'दुष्ट आत्मा' म्हणून एकाच पोत्यात कोंबलं जातं. प्रत्येकाच्या मागे मात्र वेगळी गोष्ट आहे. मुंज झाल्यावर सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवणारा विधी) होण्याआधी मेलेला मुलगा म्हणजे मुंजा. त्याचं ठिकाण पिंपळ, आणि त्याचं दुखणं अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचं. २०२४ चा 'मुंज्या' हा चित्रपट पाहताना हे ठाऊक असेल तर लग्नाचा हट्ट ही निव्वळ विनोदाची सोय वाटत नाही, त्याचं मूळ समजुतीतच सापडतं.

देवचार तर गोव्यात आणि दक्षिण कोकणात राखणदार मानला जातो. लोक त्याला रोट देतात, विडी ठेवतात, त्याच्या वाटेचा मान राखतात. सिंधुदुर्गातल्या आरवली गावाचा राखणदार देव वेतोबा, त्याला भाविक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा आहे. एखाद्या कथेत अशा राखणदाराला रक्तपिपासू राक्षस केलं असेल तर तो लेखकाचा जाणीवपूर्वक बदल आहे की अज्ञान, हे परीक्षकाने सांगायला हवं. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, ही समजूतही अशीच उलगडून पाहण्यासारखी आहे. त्या बाईला वाचवायचं कुणी होतं आणि कुणी वाचवलं नाही, हा प्रश्न कथेने विचारला का? ही माहिती मिळवायला फार लांब जावं लागत नाही. गावाकडच्या एखाद्या आजीशी तासभर बोललं तरी पुष्कळ हाती लागतं.

'अंधश्रद्धा पसरवते' हा घाईचा निकाल

२०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली तेव्हा कोकणातूनच तिला विरोध झाला. महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. या भूमीत हा प्रश्न पोकळ नाही, तो विचारलाच पाहिजे. पण भूत दिसलं की अंधश्रद्धा, इतका सोपा हिशेब करू नका. कथेत वाईटाचं मूळ कुठे दाखवलं आहे? मांत्रिकाचं ऐकणाऱ्यांचं पुढे काय होतं? आणि अक्राळविक्राळ म्हणून कुणाला उभं केलं आहे: विधवेला, मनोरुग्णाला, तृतीयपंथीयाला, आदिवासी पाड्यावरच्या म्हातारीला? भुताच्या अस्तित्वापेक्षा मला हा शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि परीक्षणांत तो फार कमी वेळा भेटतो.

खऱ्या खुनांवरच्या गोष्टी

पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड जुन्या पुणेकरांच्या मनातून गेलेलं नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले आणि शहर संध्याकाळीच दारं लावून घेऊ लागलं. चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. या प्रकरणावर पुस्तकं आली, 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. अशा कलाकृतींवर लिहिताना परीक्षक नकळत मारेकऱ्यांच्या मनात रमतो. त्यांचं डोकं, त्यांचा थंडपणा, नटाने तो कसा उभा केला, एवढंच लिहून थांबतो. मेलेली माणसं फक्त आकडा होऊन उरतात.

लिहिण्याआधी त्या काळातल्या वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयाच्या निकालातून घटना तपासा. 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीवर विसंबून राहू नका. सिद्ध झालेलं काय आणि लेखकाने भरलेलं काय, हे वेगळं सांगा. खटला चालू असेल तर आरोपीला खुनी म्हणू नका, पडद्यावर त्याला तसं दाखवलं असलं तरी. आणि ज्यांचे नातेवाईक आजही याच राज्यात राहतात, त्यांनी हे परीक्षण वाचलं तर त्यांना काय वाटेल, हे मनात धरून शब्द निवडा. रक्ताच्या थारोळ्याचं वर्णन 'रंजक' ठरवण्याची गरज कुणालाच नाही.

तपासाच्या तांत्रिक बाबी

थोडक्यात सांगतो. चुका दाखवायच्या तर आधी स्वतः खात्री करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ ऐवजी १०३ झालं. म्हणून २०१० साली घडणाऱ्या कादंबरीतला हवालदार 'तीनशे दोन' म्हणाला तर तो बरोबरच आहे. उलट, चौकीत दिलेल्या कबुलीजबाबावर अख्खा खटला जिंकल्याचं दाखवलं असेल तर तिथे बोट ठेवा. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

मूळ कोणतं, ते न तपासता लिहिणं

'तुंबाड' हा श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वर बेतलेला आहे, असं लिहिलेलं आजही वाचायला मिळतं. चित्रपटाने त्या कादंबरीकडून घेतलं ते नाव. कथेची ठिणगी नारायण धारपांच्या गोष्टीची, आणि धारपांची ती 'आजी' नावाची गोष्ट अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली. ही साखळी माहीत असली की धारपांनी परक्या कथेतली म्हातारी मराठी घरात कशी आणून बसवली, यावर लिहिता येतं. तो विषय 'चोरी की प्रेरणा' या वादापेक्षा कितीतरी रसाळ आहे.

लिहून झालं, पण जमलं नाही असं वाटत असेल तर

मसुद्यातली कथानक सांगणारी सगळी वाक्यं रंगवून पाहा. अर्ध्याहून जास्त पान रंगलं तर तो सारांश झाला आहे. त्यातली एक-दोन वाक्यं ठेवा आणि उरलेल्या जागेत ते प्रसंग कसे उभे केले आहेत ते लिहा.

'थरारक', 'खिळवून ठेवणारं', 'काळजाचा ठोका चुकवणारं' हे शब्द शोधा. प्रत्येकापुढे 'नेमकं कुठे?' असं लिहा. उत्तर सापडलं तर शब्द काढून उत्तर ठेवा, सापडलं नाही तर शब्दही काढून टाका.

कलाकृती आवडली नसेल आणि दोष उकलीतच असेल, तर दोषाची जात सांगा, तपशील सांगू नका. 'खुन्याचा हेतू शेवटच्या दहा पानांत पहिल्यांदा समोर येतो' एवढं पुरतं. खुनी कोण, हेतू काय, हे गुपित राहतं, आणि पुस्तक विकत घ्यायचं की वाचनालयातून आणायचं हे वाचकाला ठरवता येतं.